विकरं आणि सक्रियण ऊर्जा: एका चढणीची पार्श्वभूमी

उसाच्या साखरेच्या द्रावणातून ध्रुवित प्रकाश, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणारा प्रकाश, सोडला की ते प्रतल उजवीकडे वळतं. द्रावणात थोडं आम्ल घाला आणि थांबा. वळण कमी होत शून्यावर येतं, मग प्रकाश चक्क डावीकडे वळू लागतो. साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज झालेलं असतं. १८५० मध्ये विल्हेल्मी यांनी या उलटण्यावरूनच अभिक्रियेचा वेग मोजला. विकरांच्या (एन्झाइम), म्हणजे सजीवांमधल्या अभिक्रियांचा वेग वाढवणाऱ्या रेणूंच्या, इतिहासात ही साखर पुन्हा पुन्हा भेटते.

१८८९ मध्ये आरेनियस यांना तिच्यातच कोडं दिसलं. तापमान थोडं वाढलं तरी वेग कितीतरी वाढतो, रेणूंची सरासरी गती मात्र जेमतेम बदलते. त्यांचं उत्तर असं: सगळे रेणू फुटत नाहीत, पुरेशी ऊर्जा मिळून ‘सक्रिय’ झालेले मोजकेच फुटतात. फुटण्याआधी रेणूला ऊर्जेची जी चढण चढावी लागते, ती म्हणजे सक्रियण ऊर्जा.

विकरांची गोष्ट तोवर वेगळ्याच वाटेनं चालली होती. पेयां आणि पेर्सो यांनी १८३३ मध्ये माल्टमधून (मोड आलेल्या धान्यातून) डायास्टेज हे स्टार्च फोडणारं विकर वेगळं केलं, पण आंबण्यासाठी जिवंत पेशीच लागते हा समज टिकून राहिला. १८९७ मध्ये बुखनर यांनी यीस्ट वाळूबरोबर घोटून रस पिळून काढला आणि तो टिकावा म्हणून त्यात साखर घातली. रसाला बुडबुडे आले. पेशी एकही शाबूत नव्हती!

साखर फोडणाऱ्या इन्व्हर्टेज या विकरावर मायकेलिस आणि मेंटेन यांनी १९१३ मध्ये वेगाचं गणित बसवलं, तेही प्रकाशाचं वळण मोजूनच. पण चढण कमी कशी होते, हे त्यातून कळत नव्हतं. विकर म्हणजे कुलूप आणि रेणू म्हणजे त्यात बसणारी किल्ली, ही फिशर यांची १८९४ मधली उपमा इथे माझ्या मते आडच आली. मूळ रेणू कुलपात चपखल बसला तर तो तिथेच स्थिरावेल, ऊर्जेचा खड्डा खोल होईल आणि चढण उलट वाढेल. किल्ली पुरती बसत नाही, ताण देते, असं हॉल्डेन यांनी १९३० मध्ये सुचवलं. १९४६ मध्ये पॉलिंग यांनी नेमकं सांगितलं: विकराचा साचा मूळ रेणूचा नसतो, तो चढणीच्या माथ्यावरच्या अर्धवट तुटलेल्या, क्षणभंगुर रूपाचा असतो. त्या रूपाला आधार मिळाला की माथाच खाली येतो.

विकर ऊर्जा पुरवतं असं अजूनही लिहिलं जातं, ते चूक. सुरुवात आणि शेवट यांमधला ऊर्जेचा फरक तसाच राहतो. साधारण २५ अंश सेल्सिअसला माथा सुमारे ५.७ किलोज्यूल प्रति मोल उतरला की वेग दहापट होतो, म्हणून थोड्याशा आधाराचाही परिणाम प्रचंड.

पॉलिंग यांचं म्हणणं १९८६ मध्ये उलट बाजूनं तपासलं गेलं. लर्नर आणि शुल्ट्झ यांच्या गटांनी माथ्यावरच्या रूपासारखे दिसणारे टिकाऊ रेणू घेतले आणि त्यांना चिकटणारी प्रतिपिंडं वापरली. प्रतिपिंडं म्हणजे परक्या रेणूंना चिकटणारी शरीरातली प्रथिनं; त्यांचं काम एरवी नुसतं पकडून ठेवायचं. ही मात्र अभिक्रिया वेगानं घडवू लागली.