नवं कंपायलर व्हर्जन का थांबवलंय

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या आधी आमच्या कंपायलरचं (तुमचा प्रोग्राम मशीनच्या कंट्रोल बोर्डाला कळणाऱ्या इन्स्ट्रक्शनमध्ये बदलणारं सॉफ्टवेअर) नवं व्हर्जन देतो म्हणून आम्हीच सांगितलं होतं, आता बेळगावच्या उद्यमबागेतनं रोज फोन येतायत, खानापूर-निपाणीकडचे ग्राहक पण विचारतायत, म्हणून सगळ्यांना एकदम सांगतो. तीन बग (चुका) शिल्लक आहेत, त्यातले दोन गेल्याशिवाय आम्ही व्हर्जन सोडणार नाही.

कंपायलर मधेच पडला, इंटर्नल एरर दिली, तर वैताग येतो पण निदान कळतं तरी, फाईलच तयार होत नाही म्हणजे बोर्डावर काय जायचा प्रश्न नाही. खरी भीती रॉन्ग कोडची, तुमचा प्रोग्राम बरोबर, वॉर्निंग एकपण नाही, आणि आतली इन्स्ट्रक्शन चुकीची. ते दोन बग असलेच आहेत. एकात ओ२ ला (कोड जास्त वेगवान करायची सेटिंग, ओ१ त्याच्या खालची) १६ बिटची व्हॅल्यू ३२ बिटमध्ये नेताना साइन, म्हणजे उणेचं चिन्ह, जातंय, उणे ५ चं ६५५३१ होतंय. हायड्रॉलिक प्रेसच्या बोर्डावर हा आकडा गेला आणि खाली माणसाचा हात असला तर काय, तुम्हीच बगा.

तिसरा बग राहिला तरी चालतंय. ओळीत मराठी नाहीतर कन्नड मेसेज असला की एररची खूण पुढं सरकते, कारण यूटीएफ-८ मध्ये आपलं एकेक अक्षरचिन्ह ३ बाइटचं आणि आम्ही बाइट मोजत होतो. कोड बरोबरच निघतो, पुढच्या वेळी करू.

जीसीसी या प्रसिद्ध कंपायलरवाले पण पी१ दर्जाचे (सगळ्यात गंभीर) रिग्रेशन, म्हणजे आधी चालणारं नव्यात बिघडलेलं, शून्यावर आल्यावरच रिलीज ब्रँच (सोडायच्या व्हर्जनची वेगळी प्रत) काढतात. आणि २०११ पर्यंत सीस्मिथ टूल बनवणाऱ्यांनी त्या टूलनं रँडम प्रोग्राम बनवून बनवून वेगवेगळ्या कंपायलरमधले ३२५ च्या वर बग कळवले होते, म्हणजे वापरात चांगला चालतो म्हणून कंपायलर बरोबर असतोच असं नाही.

वेळ कुठं जातो म्हणाल तर बग बारीक करण्यात. तुमची हजारो ओळींची फाईल कापत कापत वीसेक ओळींवर आणायची, मग कंपायलरमधल्या आमच्या कुठल्या बदलानं बिघडलं ते अर्धं-अर्धं करून शोधायचं (१००० बदल असले तरी दहाएक बिल्डमध्ये सापडतं), मग दुरुस्ती, आणि परत सगळ्या टेस्ट ओ० (सुधारणा बंद) पासून ओएस (कोड लहान करायची सेटिंग) पर्यंत, कारण एका ठिकाणी शिवलं की दुसरीकडं उसवतंय.

तुमच्याकडं पण काही विचित्र वाटलं तर आधी इंटरप्टमध्ये (चालू काम मधेच थांबवून चालणाऱ्या कोडमध्ये) बदलणारा फ्लॅग व्होलाटाइल (दरवेळी मेमरीतनं नव्यानं वाच असं सांगणारा शब्द) लावलेला आहे का बगा. नसला तर कंपायलर तो एकदाच वाचून रजिस्टरमध्ये (चिपच्या आतल्या छोट्या जागेत) ठेवू शकतो आणि लूप संपतच नाही, ही चूक कंपायलरची नव्हे. ते बरोबर असूनपण बिघडतंय तर व्हर्जन, पूर्ण कमांड आणि सेव्ह-टेम्प्स ऑप्शननं निघालेली प्रीप्रोसेस्ड फाईल (सगळ्या हेडर फाईली आत घेतलेली) पाठवा, व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता स्क्रीनचा फोटो पाठवून भागत नाही. कोड बाहेर द्यायचा नसला तर सांगा, आमचा माणूस तुमच्याकडं येऊन तिथंच बसून फाईल कापेल.

तोवर जुनंच व्हर्जन वापरा. टेस्टिंगसाठी नवं घेतलेल्यांनी ओ१ वर ठेवा, हे दोन्ही बग तिथं येत नाहीत, पण त्यानं बनवलेला कोड घातलेला बोर्ड मशीनवर चढवू नका.