कॉर्नरबॅकची पारख (अमेरिकन फुटबॉल)

महाविद्यालयीन संघातला कॉर्नरबॅक ‘एनएफएल’ या व्यावसायिक लीगमध्ये टिकेल का, याचा ड्राफ्टपूर्वी (संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात, त्यापूर्वी) बांधला जाणारा अंदाज. कॉर्नरबॅक बचावाच्या कडेला उभा राहतो आणि रिसीव्हरला (पास झेलणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला) झेल घेऊ देत नाही. शाळा सुटून तीन वर्षे झालेला खेळाडू ड्राफ्टला पात्र ठरतो.

खरी पारख चित्रणावर होते. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे जातो आणि कॉर्नरबॅक चौकटीबाहेर राहतो, म्हणून स्काउट (संघांचे पारखी) उंचावरून घेतलेले, बावीसही खेळाडू दिसणारे चित्रण पाहतात. नजर पायांवर आणि कमरेवर ठेवायची. उलट्या पावली मागे जाताना छाती पुढे झुकलेली हवी. ती उचलली गेली, की वळताना एक जादा पाऊल पडते. तेवढ्यात रिसीव्हर यार्डभर सुटतो आणि चांगल्या क्वार्टरबॅकला (पास टाकणाऱ्याला) तेवढे पुरते. इंटरसेप्शनचा (प्रतिस्पर्ध्याचा पास मध्येच झेलण्याचा) आकडा मात्र फसवा. ज्याच्या बाजूला चेंडू टाकायला कोणी धजतच नाही, त्याला झेल मिळणार कुठून?

अंदाज चुकतो तो बहुधा नियमांच्या फरकामुळे. महाविद्यालयात पास हवेत जाईपर्यंत रिसीव्हरला रेटायला बरीच मोकळीक असते. एनएफएलमध्ये ५ यार्डांपुढे तसे केले की फाउल. पास इंटरफिअरन्सची (पास झेलू पाहणाऱ्याला नियमबाह्य अडवण्याची) शिक्षा महाविद्यालयात जास्तीत जास्त १५ यार्ड, तर एनएफएलमध्ये फाउल झाला तिथेच चेंडू ठेवतात. ४० यार्डांच्या पासवर जर्सी धरायची खोड तिथे फार महाग पडते. शिवाय प्रत्येक चाल ज्यांच्या दरम्यान सुरू होते, त्या मैदानावरच्या हॅश खुणांमधले अंतर महाविद्यालयात ४० फूट, एनएफएलमध्ये साडेअठरा फूट. त्यामुळे महाविद्यालयात चाल कडेजवळून सुरू झाली की एक बाजू अरुंद होते. त्या अरुंद बाजूला खेळत आलेल्याला सीमारेषेचा आयता आधार मिळालेला असतो. मोकळ्या जागेत तो कसा धावतो, हे वेगळे शोधावे लागते.

इंडियानापोलिसच्या कंबाइनमध्ये (ड्राफ्टपूर्व चाचण्यांमध्ये) ४० यार्डांची धाव, उड्या आणि मोजमापे होतात. धाव ४.४० सेकंदांच्या आत आली तर उत्तम, ४.६०च्या पुढे गेली तर शंका. हात ३० इंचांपेक्षा आखूड असला तर बरेच संघ त्याला कडेऐवजी आत, स्लॉटमध्ये खेळवण्याचा विचार करतात. पण घड्याळावर विसंबू नये. ४.३७ सेकंदांत धावलेला जस्टिन गिल्बर्ट २०१४ मध्ये आठव्या क्रमांकावर निवडला गेला आणि तीन हंगामांतच लीगबाहेर पडला. उलट, मुळात रिसीव्हर असलेला उंच, लांब हातांचा रिचर्ड शर्मन २०११ मध्ये थेट पाचव्या फेरीत, १५४व्या क्रमांकावर उचलला गेला. २०१३ मध्ये लीगमधली सर्वाधिक, ८ इंटरसेप्शन्स त्याचीच होती.

टॅकलिंगकडे (चेंडू घेऊन धावणाऱ्याला पाडण्याकडे) दुर्लक्ष होते. चेंडू घेऊन धावणारा आपल्या बाजूने आला की कॉर्नरबॅक ब्लॉकरला (त्याची वाट मोकळी करणाऱ्याला) भिडतो की वळसा घालून कडेने निसटतो, हे पाहावे. जो निसटतो, त्याच्याच बाजूने एनएफएलचे संघ मुद्दाम चेंडू घेऊन धावतात.

मोबाइल शहरातल्या सीनियर बोलच्या (ड्राफ्टपूर्वी निवडक महाविद्यालयीन खेळाडूंच्या सामन्याच्या) सरावात कॉर्नरबॅक आणि रिसीव्हर यांच्या एकास एक लढती होतात. तिथे क्वार्टरबॅकवर दबाव नसतो आणि रिसीव्हरला सगळे मैदान मोकळे असते, त्यामुळे कॉर्नरबॅकची हार ठरलेलीच. एकाच चालीला तो दुसऱ्यांदाही फसतो का, एवढेच टिपून घ्यायचे.