डाव्या हाताची लिपी: अमेरिकेतील अकॉर्डियनवादकांच्या राष्ट्रीय संघटनेची पार्श्वभूमी

१९३८ मध्ये न्यूयॉर्कला बारा जण एकत्र आले आणि अमेरिकेतल्या अकॉर्डियनवादकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तोवर भात्याने वाजणारे, गळ्यात अडकवायचे हे वाद्य व्होडव्हिलच्या (विविध करमणुकीच्या कार्यक्रमांच्या) रंगमंचावर आणि रेडिओवर चांगले रुळले होते. एप्रिल १९३९ मध्ये तर कार्नेगी हॉलमध्ये अकॉर्डियनची मैफल झाली. वाजवणारे होते, ऐकणारे होते, शिकवण्याही जोरात चालू होत्या. अडत होते ते छापील कागदावर. एकाच धूनच्या दोन प्रकाशनांत डावा हात दोन तऱ्हांनी लिहिलेला असे आणि विद्यार्थ्याला शिक्षक बदलला की वाचन नव्याने शिकावे लागे. डाव्या हाताचे लेखन एकसारखे करण्याचे काम संघटनेने सुरुवातीलाच हाती घेतले आणि ते तिच्या सगळ्या अधिवेशनांपेक्षा आणि स्पर्धांपेक्षा जास्त टिकले आहे.

अडचण नेमकी कुठे होती, हे बटणांकडे पाहिल्याशिवाय कळत नाही. पूर्ण आकाराच्या वाद्यात डावीकडे १२० बटणे असतात, सहा ओळी, प्रत्येकीत वीस. भात्याकडून मोजत गेले तर काउंटरबेस (शेजारच्या मूळ बेसपासून तिसरा स्वर), मूळ बेस (सुटा खर्जाचा स्वर), मग मेजर, माइनर, सेव्हन्थ आणि डिमिनिश्ड या प्रकारांच्या कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर. कॉर्डच्या प्रत्येक बटणाच्या दांडीला खुंट्या असतात. बटण दाबले की त्या आतल्या बारा तरफांपैकी ठरलेल्या तिघींना ढकलतात. सी मेजर दाबले की सी, ई आणि जी या पाश्चात्त्य स्वरांच्या तरफा हलतात. तरफा बाराच, म्हणजे कॉर्डसाठी एकच सप्तक, आणि ते कोणत्या स्वरापासून सुरू करायचे हे कारखानदार ठरवतो. म्हणून तेच बटण एका वाद्यावर सी-ई-जी वाजते, दुसऱ्यावर जी-सी-ई, तिसऱ्यावर ई-जी-सी. जुन्या पुस्तकांत तीन स्वरांची पूर्ण कॉर्ड मांडलेली असे. ती दिसायला भारदस्त, पण त्यातला क्रम वादकाच्या हातातच नव्हता.

संघटनेने निर्णय दिला तो यंत्रणेला धरून. डावा हात पूर्णपणे बेस क्लेफमध्ये, म्हणजे खालच्या स्वरांसाठीच्या पाच रेषांवर, लिहायचा. मधल्या रेषेच्या खालच्या भागात बेस, वरच्या भागात कॉर्ड. कॉर्डसाठी एकच स्वर लिहायचा, तिचा मूळ स्वर, आणि त्यावर अक्षर: मेजरला कॅपिटल एम, माइनरला स्मॉल एम, सेव्हन्थला ७, डिमिनिश्डला डी. बेसची सुरावट मधल्या रेषेच्या वर गेली तर तिला कॉर्ड समजू नये म्हणून ‘बेस सोलो’ची खूण. काउंटरबेस असेल तर स्वराखाली आडवी रेघ. ही रेघ क्षुल्लक वाटते, पण ती गाळली तर हात चुकतो. सी मेजर वाजवताना ई चा काउंटरबेस सी च्या अगदी शेजारी असतो. मूळ बेसच्या ओळीतला ई मात्र जी, डी, ए ओलांडून चार बटणे वर. जलद लयीत तेवढी उडी म्हणजे ताल गेलाच.

या पद्धतीवरचे आक्षेप खोटे नव्हते. अकॉर्डियन न येणाऱ्या संगीतकाराला पानावर एकटा ई आणि वर स्मॉल एम दिसतो. खाली सी चा बेस आहे म्हणून प्रत्यक्षात सी मेजर सेव्हन्थ ऐकू येणार, हे कागद सांगत नाही. सेव्हन्थच्या बटणात बहुतेक वाद्यांवर पाचवा स्वर नसतो. डिमिनिश्डचेही तसेच: सी च्या बटणाला सी, ई फ्लॅट आणि ए मिळतात, जी फ्लॅट हवा असेल तर तो बेसमधून द्यावा लागतो. हाताने लिहिलेल्या प्रतींत लहानमोठ्या एमची गल्लत होते ती वेगळीच. रशियन छपाईत तर ‘एम’सारखे दिसणारे अक्षर माइनरचे आहे, त्यामुळे अमेरिकेत शिकलेला वादक तिथली प्रत उघडतो तेव्हा सुरुवातीची काही पाने उलटीच वाजतात. एवढे असूनही निर्णय बरोबर होता, कारण बोटाला हवी असते ती बटणाची ओळख, आणि ती एका अक्षरात मिळते.

१९४०-५० च्या दशकांत १२ बेसच्या (डावीकडे बारा बटणे असलेल्या) छोट्या वाद्यावर मुलांना बसवायचे आणि मग १२० बेसकडे न्यायचे, हा शिकवण्यांचा शिरस्ता होता. समान लेखनामुळे त्या मुलांचे मोठे वाद्यवृंद उभे करणे सोपे गेले. १९५३ मध्ये संघटनेत नव्या रचना मागवण्यासाठी समिती नेमली गेली आणि १९५७ पासून प्रतिष्ठित अमेरिकी संगीतकारांनी अकॉर्डियनसाठी मुद्दाम रचना लिहिल्या. साठच्या दशकात गिटारने शिकवण्या रिकाम्या केल्या, तेव्हा वाद्याची इभ्रत बऱ्याच अंशी या रचनांनी राखली.

पुढचा पेच ‘फ्री बेस’चा. यात प्रत्येक डाव्या बटणाला एकच स्वर, तोही अनेक सप्तकांत. म्हणजे एम आणि ७ निरुपयोगी. स्वर जसा ऐकू येतो तसाच लिहायचा, लागेल तिथे ट्रेबल क्लेफही (वरच्या स्वरांच्या रेषा). त्यात नावांचा गोंधळ. कॉर्डच्या ओळींपलीकडे नव्हे, तर भात्याच्या बाजूला तीन जादा ओळी असलेले नऊ ओळींचे वाद्य वेगळे. खटक्याने कॉर्डची बटणे सुट्या स्वरांची करणारे कन्व्हर्टर वेगळे. आणि पंचमाच्या क्रमाने मांडलेले क्विंट आणखी वेगळे. बोलताना तिन्हींना फ्री बेसच म्हणतात, बोटे मात्र तिन्हींवर वेगळी पडतात. त्यामुळे अशा रचनेवर बोटांचे आकडे छापताना ते कोणत्या मांडणीचे आहेत हे आधी लिहावे लागते. कन्व्हर्टरच्या रचनेत तर खटका कुठल्या मात्रेवर टाकायचा, तेही. आधीची कॉर्ड सुटण्यापूर्वी तो टाकला तर भलतेच स्वर कानावर येतात.