चिंपांझीचं ‘हसू’ नेमकं कसं ओळखायचं?

‘दात दाखवणारा चिंपांझी खूश असतो’, अशा ओळीसह फोटो वर्षानुवर्षं फिरतात. प्रत्यक्षात दातांच्या दोन्ही रांगा आणि गुलाबी हिरड्या दिसेपर्यंत ओठ मागे ओढले असतील, तर तो बहुधा घाबरलेला किंवा दबावाखाली असतो. कधी वरचढ नराला ‘मी भांडणार नाही’ असं कळवण्यासाठीही तो तसे दात विचकतो.

खेळातला चेहरा वेगळा. तोंड सैल उघडं, खालचे दात दिसतात, वरचे बहुतेक ओठाआड. आई पिल्लाला गुदगुल्या करते तेव्हा हाच चेहरा दिसतो आणि सोबत धापा टाकल्यासारखा आवाज येतो; श्वास घेताना आणि सोडताना, दोन्हीकडे. हेच त्यांचं हसणं.

पडताळायचं तर आधी वरचा ओठ बघा. मग व्हिडिओचा आवाज सुरू करा: किंचाळी की धापा? शेवटी आजूबाजूचे काय करतात ते पाहा. अनाथ पिल्लं सांभाळणाऱ्या आफ्रिकेतल्या आश्रयस्थानांत घाबरलेल्याला सोबती मिठी मारतात, खेळणाऱ्याच्या मागे धावतात. एकट्या फोटोवरून मात्र निकाल देऊ नये. कपडे घातलेल्या चिंपांझीचा असेल तर त्याहून नाहीच. ते ‘हसू’ अनेकदा धाकाने शिकवलेलं असतं.