पोकळीत उष्णता जाते कुठे? उपग्रहांच्या तापमान नियंत्रणाची पार्श्वभूमी

ऐरोली-रबाळे पट्ट्यातल्या डेटा सेंटरचे चिलर अहोरात्र घरघरतात आणि सर्व्हरची उष्णता हवेत सोडून देतात. हेच सर्व्हर कक्षेत न्यायची चर्चा निघाली की ‘वर थंडीच आहे’ असं सहज म्हटलं जातं. हा समज पार चुकीचा आहे. तिथे हवाच नाही, त्यामुळे उष्णता बाहेर पडते ती केवळ प्रारणाने, म्हणजे किरणांच्या रूपात. २७ अंश सेल्सिअसचा एक चौरस मीटर रेडिएटर (उष्णता बाहेर फेकणारा पत्रा) एका बाजूने जेमतेम ४०० वॅट टाकतो. समोरून ऊन आलं तर तेवढ्याच जागेवर १,३६१ वॅट पडतात.

१९५७च्या स्पुटनिकमध्ये नायट्रोजन भरून तो पंख्याने फिरवला जाई, म्हणजे आतली उष्णता कवचापर्यंत पोचे. पुढच्याच वर्षी एक्सप्लोरर-१वर पंख्याऐवजी अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे पांढरे पट्टे आले. ऊन किती शोषायचं आणि उष्णता किती फेकायची, हे पट्ट्यांच्या क्षेत्रफळावर ठरवलं होतं. आजही डिझाइन याच दोन आकड्यांवर उभं असतं. पांढरा रंग अतिनील किरणांनी पिवळट पडतो, जास्त ऊन शोषतो आणि उपग्रह वयाबरोबर तापत जातो. म्हणून रेडिएटरचं गणित आयुष्याच्या शेवटच्या वर्षाचे आकडे धरून करावं लागतं.

उपग्रहाचं ‘सोनेरी’ आवरण सोन्याचं नसतं. ती ‘कॅप्टॉन’ नावाच्या प्लास्टिकची पिवळसर फिल्म, मागून अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा दिलेली. तिच्या आत दहा-वीस पातळ थर आणि मध्ये जाळी. थर एकमेकांना टेकता कामा नयेत. ब्लँकेट ताणून बांधलं की ते दबतात आणि तिथूनच उष्णता गळते. उड्डाणात अडकलेली हवा निसटावी म्हणून बारीक भोकंही हवीत. सावलीत उलटी चिंता: हायड्राझिन साधारण २ अंशांनाच गोठतं, म्हणून इंधनाच्या नळ्यांना हीटर गुंडाळतात.

१९६३ मध्ये लॉस अ‍ॅलामॉसला जॉर्ज ग्रोव्हर यांनी हीट पाइप सिद्ध केला. उपग्रहात त्यात बहुधा अमोनिया असतो: गरम टोकाला उकळतो, थंड टोकाला द्रव होतो आणि नळीच्या खाचांतून आपोआप परततो. पंप लागत नाही.

तरी अंदाज चुकतात. चंद्रयान-१ ला नोव्हेंबर २००८ मध्ये चंद्राच्या तापलेल्या जमिनीचीच झळ लागली आणि आतलं तापमान ५० अंशांजवळ गेलं. यान २० अंश वळवून, काही उपकरणं बंद ठेवून ते सुमारे १० अंशांनी उतरवलं गेलं.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाची अमोनियाची मुख्य शीतन यंत्रणा, एवढाले पंखांसारखे रेडिएटर पसरूनही, ७० किलोवॅटसाठी आहे. एआय सर्व्हरची एकच भरगच्च रॅक आज १०० किलोवॅटच्या पुढे जाते.