कांचनजंगा

भारतातील सिक्कीम आणि नेपाळ यांच्या सीमेवरचे हिमाच्छादित शिखर. उंची ८,५८६ मीटर. एव्हरेस्ट आणि के-टू यांच्या खालोखाल जगात तिसरे. आपल्याकडे ‘कांचनगंगा’ असेही म्हणतात, पण या नावात ना कांचन आहे ना गंगा. मूळ तिबेटी नावाचा अर्थ ‘मोठ्या हिमाचे पाच खजिने’. हे पाच म्हणजे या डोंगराची पाच शिखरे. त्यांतली चार ८,४०० मीटरहून उंच आहेत.

शिखरावरून चार मोठ्या हिमनद्या उतरतात. झेमू आणि तालुंग यांचे पाणी सिक्कीमकडे तिस्तेला मिळते. यालुंग आणि कांचनजंगा या हिमनद्यांचे नेपाळात तमोर नदीतून कोसीला. म्हणजे सीमारेषा इथे पाणलोटाचीच रेषा आहे. झेमू सुमारे २६ किलोमीटर लांब आहे. ज्या नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांकडे सोलापूर जूनभर डोळे लावून बसते, तेच बंगालच्या उपसागरावरून इथे पोहोचतात आणि उंचावर बर्फ होऊन पडतात. आल्प्समधल्या हिमनद्या हिवाळ्यातल्या हिमवृष्टीवर पोसतात, या मुख्यतः पावसाळ्यातल्या. त्यामुळे हवा तापली की दुहेरी फटका बसतो: बर्फ जास्त वितळते, आणि खालच्या पट्ट्यात बर्फाऐवजी पाऊसच पडतो.

१९०५ साली यालुंगच्या बाजूने झालेला पहिला प्रयत्न हिमप्रपातात चार बळी घेऊन संपला. २५ मे १९५५ रोजी चार्ल्स इव्हान्स यांच्या ब्रिटिश मोहिमेतले जो ब्राउन आणि जॉर्ज बँड वर पोहोचले. ब्राउन शेवटच्या खडकातली भेग चढून बाहेर आला, तेव्हा माथा अगदी हाकेच्या आत होता. दोघेही तिथेच थांबले. हा डोंगर सिक्कीमवासीयांचे दैवत. माथ्यावर पाय ठेवणार नाही, असा शब्द इव्हान्स यांनी सिक्कीमच्या राजाला, चोग्यालला, दिला होता. दुसऱ्या दिवशी नॉर्मन हार्डी आणि टोनी स्ट्रेदर यांनीही तेच केले. आपल्या पंढरपुरात नामदेव पायरीवर पाय न देता माथा टेकवून आत जाणाऱ्यांना यात नवल वाटू नये.

१९७७ मध्ये कर्नल नरेंद्र कुमार यांच्या नेतृत्वाखालील भारतीय सेनेच्या मोहिमेने अवघड ईशान्य धारेवरून, झेमूच्या बाजूने चढाई केली. पुढे सिक्कीमने आपल्या बाजूची चढाई बंद केली. आता गिर्यारोहक नेपाळातूनच जातात. पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’चे दहा जण १५ मे २०१९ रोजी तसेच माथ्यापर्यंत गेले. सिक्कीमच्या बाजूचे राष्ट्रीय उद्यान २०१६ पासून जागतिक वारसा आहे, आणि तेही निसर्ग व संस्कृती या दोन्ही निकषांवर.

बाकीच्यांसाठी कळसदर्शन आहेच. दार्जिलिंगच्या टायगर हिलवर पहाटे चारला चादरी गुंडाळून उभे राहिले, की पहिले ऊन खालच्या दऱ्या अंधारात असतानाच शिखराला लागते. मात्र मे महिन्याच्या सुट्टीत गेलेल्यांच्या पदरी बहुधा ढगच पडतात, ऑक्टोबर-नोव्हेंबर बरा.