पार्श्वभूमी : पाकिटावर नाव नको, आत मात्र हवं

सरकारी नोकराने आपल्याच खात्यातला गैरव्यवहार बाहेर काढावा का, हा वाद कोल्हापुरात बहुतेक वेळा एका शब्दापाशी संपतो: काड्या. ‘काड्या करतोय’ असं कुणाबद्दल एकदा बोललं गेलं की त्याने दाखवलेला आकडा खरा की खोटा, हे बघायला कुणी बसत नाही. जरा वडीलधारी मंडळी असतील तर ‘खाल्ल्या घरचे वासे मोजतो’ म्हणतात. आता मोजमाप पुस्तक भरणाऱ्या कनिष्ठ अभियंत्याचा पगारच मोजण्याचा असतो, त्याने काय करावं?

वर्तमानपत्रांनी अशा माणसासाठी ‘जागल्या’ हा शब्द रूढ केला. शब्द गोड आहे, पण नीट बसत नाही. गावगाड्यातला जागल्या रात्रीची गस्त घालायचा, चोरी झाली तर चोराचा माग शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत काढून द्यायचा. चोर बाहेरचा, हे त्यात धरूनच चाललेलं. पाटलाच्याच वाड्यातून पोती बाहेर पडताना दिसली तर आरोळी ठोकायची की तोंड फिरवायचं, हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

१ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. पुढच्या काळात इथल्या कर्मचाऱ्याला दोन गोष्टींचा धाक राहिला: १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम आणि १९७९ चे महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम. दोन्हींचा रोख एकच, परवानगीशिवाय कागद बाहेर जाता कामा नये. मग ज्याला राहवत नसे तो निनावी अर्ज करी.

मी काही वर्षं एका कार्यालयात बारनिशीला, म्हणजे आवक-जावक कागदांच्या नोंदीला होतो. निनावी अर्ज लगेच ओळखू यायचे: डाव्या हाताने लिहिल्यासारखं अक्षर, भलत्याच गावच्या पोस्टाचा शिक्का. आवक नोंदवहीत ‘कोणाकडून’ हा रकाना असतो, त्यात आम्ही ‘निनावी’ लिहायचो. चार दिवसांनी शेरा येई, ‘दप्तरी दाखल’, म्हणजे कागद कपाटात, पुढे काही नाही. आणि नाव घालून आलेला अर्ज? तो ज्याच्याविरुद्ध असे त्याच्याच टेबलावर ‘अहवाल सादर करावा’ म्हणून जाई, अर्जदाराच्या नावासकट. यात कुणाचा दुष्टपणा असायचाच असं नाही. नस्ती त्या वाटेनेच फिरते.

अगदी याच वाटेने एक पत्र फिरलं आणि देशभर गाजलं. बिहार-झारखंडकडच्या महामार्गावर काम करणाऱ्या एका तरुण अभियंत्याने २००२ च्या अखेरीस कामातल्या गैरव्यवहाराबद्दल पंतप्रधान कार्यालयाला लिहिलं, नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. पत्र नावासह खात्याखात्यांतून फिरत राहिलं. २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत त्याचा खून झाला. तपासात लुटीचा हेतू पुढे आला, २०१० मध्ये तिघांना शिक्षाही झाली. तरी नाव फुटलं होतं, हे कुणी नाकारलं नाही.

विधी आयोगाने २००१ मध्येच १७९ व्या अहवालात माहिती देणाऱ्याच्या संरक्षणाचा मसुदा दिला होता. तो पडून होता. खुनानंतर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २१ एप्रिल २००४ ला केंद्राने ठराव काढला. माझ्या मते सगळी मेख याच ठरावात आहे. तक्रार दिल्लीत केंद्रीय दक्षता आयोगाकडे पाठवायची. पाकीट बंद हवं, वर जनहितार्थ तक्रार असल्याचा उल्लेख हवा, पण पाठवणाऱ्याचं नाव नको. नाव-पत्ता आतल्या कागदावर. आत नाव नसेल तर दखल नाही. पोचही मिळणार नाही, कारण पोचेमुळे नाव फुटू शकतं.

ठरावाची बाजू मांडणारे म्हणतात, नाव मागितलं नाही तर जो तो पदोन्नतीचा हिशेब चुकता करील. खरंच आहे, निनावी अर्जांत निम्मी भाऊबंदकी असायची. पण ज्याला नोकरीत पहिल्या दिवसापासून ‘पोच घेतल्याशिवाय कागद सोडू नको’ हेच शिकवलं, त्याला आपलं नाव दिल्लीतल्या अनोळखी माणसाकडे पोचेविना सोडायला सांगायचं, हेही सोपं नाही. आणि मूळ गोष्ट राहिलीच. हा ठराव केंद्राच्या कर्मचाऱ्यांपुरता. आजऱ्याचा तलाठी किंवा करवीरचा ग्रामसेवक त्यात कुठेच नाही.

राज्यात २००५ चा बदल्यांचा कायदा आला. साधारण तीन वर्षांच्या आत बदली करायची तर खास कारण लेखी नोंदवावं लागतं. ते कारण बहुधा ‘प्रशासकीय कारणास्तव’ एवढंच असतं. माणूस गगनबावड्याला जातो, भर पावसाळ्यात. दाद मागायची तर वर्षानुवर्षं मुंबईच गाठावी लागली.

२००५ मध्येच माहिती अधिकारही आला, आणि बाहेरचा अर्जदार व आतला कर्मचारी यांची लोकांच्या मनात सरमिसळ झाली. २०१० मध्ये इचलकरंजीत खून झाला तो माहिती अधिकार कार्यकर्त्याचा, नोकरदाराचा नव्हे. नोकरदाराला बहुतेकदा मारत नाहीत, त्याची विभागीय चौकशी लावतात.

२०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोकरदाराभोवतीचा हा फास आणखी घट्ट केला. गुजरातमधल्या अणुवीज प्रकल्पात १९९४ च्या जूनमध्ये पुराचं पाणी शिरलं, तेव्हा एका कर्मचाऱ्याने वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. त्याची नोकरी गेली, ती गेलेलीच राहिली. माहिती देणारा प्रत्येक जण आपोआप प्रामाणिक जागल्या ठरत नाही, असं न्यायालयाने म्हटलं.

अखेर २०१४ मध्ये जागल्यांच्या संरक्षणासाठी संसदेचा कायदा झाला. त्यातही नाव सक्तीचंच. खोटी तक्रार जाणूनबुजून केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद. तक्रारदाराचा छळ म्हणजे नेमकं काय, याची व्याख्या मात्र नाही. २०१५ मध्ये गुपितांची बंधनं पुन्हा आवळणारं दुरुस्ती विधेयक लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेत अडकलं आणि २०१९ मध्ये लोकसभेबरोबर बाद झालं. मूळ कायदा कोणत्या दिवसापासून लागू होईल ते सरकार अधिसूचना काढून ठरवील, असं पहिल्याच कलमात लिहिलं आहे. ती अधिसूचना निघालेली नाही.